पाया आधी, उंची मागाहून : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

सप्टेंबरच्या १५ तारखेला अभियंता दिन असतो आणि बहुतेक वर्षी तो गणेशोत्सवाच्या मागेपुढेच येतो. स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी या वर्षी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा विषय शोधायला मला लांब जावे लागले नाही. गेली काही वर्षे आरती झाली, प्रसाद हातावर पडला की कोणीतरी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारतो. घरावर आणखी एक मजला चढवायचा आहे, पाया पेलेल का? राजनगर, विजयनगर, वसुंधरा या भागांत आपल्यापैकी अनेकांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी छोटी घरे घेतली. तेव्हा मुले शाळेत होती. आता सुना आल्या, नातवंडे आली, गावाकडचे आईवडील कायमचे इकडे आले. जमीन वाढत नाही, म्हणून घर वर वाढते. मी रेल्वेत बांधकाम खात्यात आहे, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस आहे, त्यामुळे सोसायटीतल्या गळक्या टाकीपासून या प्रश्नापर्यंत सगळे माझ्याकडेच येते!

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. पण एका माणसाच्या आयुष्यात ते फार चांगले सापडते. तो माणूस म्हणजे ज्यांचा जन्मदिवस आपण अभियंता दिन म्हणून पाळतो ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूरचे दिवाण, भारतरत्न, वृंदावन उद्यानाजवळचे ते धरण बांधणारे, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. ते शिकले पुण्यात आणि त्यांच्या नोकरीची पहिली चोवीस वर्षे मुंबई इलाख्यात गेली, हे मात्र आपण मराठी माणसेसुद्धा विसरतो. रेल्वेच्या डब्यात बसून रुळाच्या आवाजावरून त्यांनी पुढचा तडा ओळखला, ही गोष्ट दर अभियंता दिनाला मोबाईलवर फिरते. ती मी इथे सांगणार नाही. त्यांनी खरोखर केलेली कामे त्या गोष्टीपेक्षा जास्त रंजक आहेत.

त्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ चा, म्हैसूर संस्थानातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी गावचा. घराणे मूळचे आंध्रातील मोक्षगुंडमचे, म्हणून नावात ते गाव. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे पंडित, आई व्यंकटलक्ष्मम्मा. वडील लवकर गेले. बंगळुरूला मामांच्या आधाराने आणि एका कूर्गी कुटुंबातील मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी शिक्षण रेटले आणि १८८१ साली बी. ए. झाले. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाले. हेच पुढे सी.ओ.ई.पी. म्हणून प्रसिद्ध झालेले कॉलेज. १८८३ साली ते एल.सी.ई. परीक्षेत पहिले आले आणि त्यांना जेम्स बर्कले पारितोषिक मिळाले. हे बर्कले म्हणजे मुंबई-ठाणे लोहमार्ग आणि बोरघाटाचा मार्ग ज्यांच्या देखरेखीखाली झाला, ते जी.आय.पी. रेल्वेचे मुख्य अभियंता. तेव्हा आमच्या रेल्वेवाल्यांचाही या माणसावर थोडा हक्क पोहोचतो.

१८८४ साली मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात ते सहायक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले. पहिल्या कामांपैकी एक खानदेशातले, पांझरेच्या पाण्याचा कालवा सायफन नळाने पलीकडे नेण्याचे. ऐन पावसाळ्यात, पुरांशी झगडत ते पुरे करावे लागले. त्यानंतर धुळे, पुणे, सुरत, सिंधमधील सक्कर अशा बदल्या होत गेल्या. सरकारी नोकरी कशी असते ते आपल्याला सांगायला नको. सक्करला सिंधूचे पाणी गढूळ म्हणून नदीच्या वाळूतच विहीर खणून, वाळूकडूनच पाणी गाळून घेण्याची योजना त्यांनी केली. पुण्यात असताना न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांच्या मंडळींत त्यांची ऊठबस होती. दुष्काळी दख्खनसाठी कालव्याचे पाणी गटागटाने, पाळीपाळीने देण्याची ब्लॉक पद्धत त्यांनी १८९९ च्या सुमारास मांडली. हे सारे मोठेच काम आहे, पण आपल्या मजल्याच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, म्हणून पुढे जातो.

संबंध येतो तो खडकवासल्याशी. पुण्याच्या लोकांना खडकवासला म्हणजे रविवारी कणीस आणि भजी खायला जायची जागा. मुठा नदीवरचे हे धरण कर्नल फाईफ यांनी १८७० च्या दशकात बांधले, म्हणून तलावाचे नाव लेक फाईफ. दगडी धरण, खडकावर बसवलेले, लांबी जवळजवळ एक मैल. बांधून झाल्यावर काही भागाच्या मजबुतीविषयी शंका आली, तेव्हा भिंतीच्या खालच्या अंगाला मातीचा रुंद भराव रचून तिला पाठीमागून टेकू दिलेला होता. म्हणजे जुन्या बांधकामाला बळकटी देण्याचे काम या धरणाने आधीच पाहिले होते. आता विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अडचण दुसरी होती. शहर वाढले, कॅन्टोन्मेंट वाढला, कालव्याखालची शेती वाढली आणि उन्हाळ्यात पाणी पुरेना. दुसरीकडे दर पावसाळ्यात सांडव्यावरून सहा ते आठ फूट जाडीचे पाणी उसळून वाहून जायचे, ते कोणाच्याच उपयोगाचे नव्हते.

सरळ उपाय कोणता? सांडवा आणि भिंत उंच करा. घरावर मजला चढवण्यासारखेच. पण इथे थोडे गणित पाहावे लागते. धरणाच्या भिंतीवर पाण्याचा जो आडवा रेटा येतो तो पाण्याच्या खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि भिंतीला उलथवून टाकणारा जोर घनाच्या प्रमाणात. समजा शंभर फूट पाणी आहे आणि ते आठ फुटांनी वाढवले. ऐकायला आठ टक्के वाढ. पण रेटा वाढतो सुमारे सतरा टक्के आणि उलथवणारा जोर सुमारे सव्वीस टक्के. वर केलेली लहानशी वाढ पायाशी पोहोचेपर्यंत तिप्पट होते. जुन्या भिंतीला, तेही आधीच टेकू दिलेल्या भिंतीला, हे विचारताना छातीत धस्स व्हायला हवे.

विश्वेश्वरय्यांनी इथे जे पाहिले ते मला त्यांच्या सगळ्या कामांत जास्त आवडते. पुराच्या वेळी पाणी सांडव्यावर सहा-आठ फूट चढतेच. म्हणजे भिंत ते ओझे दर वर्षी उचलून दाखवतेच आहे. मग तेवढ्याच पातळीपर्यंत पाणी अडवून धरले, तर भिंतीवर नवे ओझे आले असे म्हणता येणार नाही. दोन-चार दिवसांचे ओझे आणि महिनोन्महिने राहणारे ओझे अगदी एकच नसते, मुरणाऱ्या पाण्याला वेळ मिळतो, हे खरे. पण मुख्य धोका निराळा होता. सांडव्यावर साध्या फळ्या घालून पाणी अडवले आणि त्या अडवलेल्या पाण्यावर आणखी पूर आला, तर पातळी पूर्वी कधी गेली नव्हती तिथे जाणार. रात्री दोन वाजता पाऊस कोसळत असताना चौकीदार फळ्या काढेल, या भरवशावर खालचे पुणे शहर ठेवता येत नाही.

म्हणून दारे आपोआप उघडणारी हवीत. त्यांनी वजन आणि प्रतिवजन यांच्या तोलावर चालणारी लोखंडी दारे आखली. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत दारे बंद राहतात. त्याच्या वर चढू लागले की ते चढलेले पाणीच तोल बदलते, दारे उघडतात आणि जास्तीचे पाणी निघून जाते. पातळी उतरली की पुन्हा बंद. ना माणूस, ना इंजिन. १९०३ साली ही दारे खडकवासल्याला बसली. सांडव्यावर सुमारे आठ फूट पाणी जास्त राहू लागले, साठा अंदाजे पाव हिश्शाने वाढला आणि भिंतीवर दगडाचा एक थरही चढवावा लागला नाही. या दारांचे त्यांनी पेटंट घेतले. पुढे ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही ही पद्धत वापरली गेली.

मंडळी, मजल्याविषयी विचारायला येणाऱ्यांना मी आधी खडकवासला सांगतो तो यासाठी. मजला हवा की जागा हवी, हे आधी ठरवा. पुष्कळ घरांत गच्चीवर नुसती खोली हवी असते आणि लोक चार इंची फरशी, नऊ इंची भिंती, वर दोन हजार लिटरची टाकी असा सगळा थाट मांडून बसतात. हलक्या भिंती, लोखंडी सांगाडा, पत्र्याचे किंवा हलक्या फलकांचे छप्पर यांनी काम भागत असेल, तर पायावरचे नवे ओझे निम्म्याहून कमी होऊ शकते. जुना गिलावा, जुनी जाड कोबा-चुन्याची गच्ची उतरवली तर ओझे आणखी उतरते. अर्थात हे प्रत्येक ठिकाणी लागू पडत नाही. आपला भाग भूकंपाचा मोठा धोका असलेला आहे, तेव्हा सांगाडा हलका असला तरी तो खालच्या खांबांशी नीट जोडलेला हवाच.

१९०८ साली विश्वेश्वरय्यांनी मुंबई सरकारची नोकरी स्वतःहून सोडली. अनेकांना ओलांडून ते वर चढले होते, पण सर्वात वरची खुर्ची त्या काळी हिंदी माणसाला मिळणारी नव्हती. ते परदेश प्रवासाला निघाले. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादला मुसी नदीचा भयंकर पूर आला. निजाम सरकारने त्यांना बोलावले आणि शहराच्या वरच्या बाजूला धरणे बांधून पूर अडवण्याची योजना त्यांनी दिली. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव त्यातून झाले. १९०९ च्या अखेरीस ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले. आता येते ते कृष्णराजसागर.

कावेरीवर कण्णंबाडी गावाजवळ धरण बांधायचे होते. शिवसमुद्रमचे वीजघर १९०२ पासून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज देत होते. उन्हाळ्यात नदी आटली की वीज आटायची. शिवाय मंड्याकडची कोरडी जमीन पाण्याची वाट पाहत होती. योजना मोठी आणि खर्चही मोठा. संस्थानात दरबारी मंडळींनी कुरकुर केली, पण महाराज कृष्णराज वाडियार यांनी १९११ साली होकार दिला. खरी आडकाठी खालून आली. नदी पुढे मद्रास इलाख्यात जाते आणि तंजावरच्या शेतीचे पाणी कमी होईल म्हणून मद्रास सरकारने हरकत घेतली. हिंदुस्थान सरकारने मग तोडगा काढला. धरण बांधा, पण तूर्त फक्त ८० फूट उंचीचे.

आता विचार करा. योजना सुमारे १३० फुटांची, मंजुरी ८० फुटांची. गुरुत्व धरणाचा, म्हणजे स्वतःच्या वजनावर उभ्या राहणाऱ्या दगडी धरणाचा पाया उंचीच्या ढोबळमानाने पाऊणपट रुंद लागतो. ८० फुटांच्या भिंतीला साठ-पासष्ट फूट रुंदी पुरली असती. विश्वेश्वरय्यांनी पाया घातला १११ फूट रुंदीचा. उंच धरणाचा पाया, त्यावर सध्या बुटके धरण!

असे का केले, ते पुन्हा त्याच गणितात आहे. ८० वरून १३० म्हणजे पाणी दीडपटीहून थोडे जास्त. पण उलथवणारा जोर चौपटीच्याही वर जातो. आधी अरुंद पाया घालून, धरण भरून, खाली शेती आणि वीज सुरू झाल्यावर तोच पाया मागाहून रुंद करायचा म्हटले, तर तलाव रिकामा करा, पायथ्याशी खडकापर्यंत पुन्हा खणा, जुन्या दगडाला नवा दगड जोडा. जुने आणि नवे यांचा सांधा हीच अशा कामातली कायमची डोकेदुखी. जुने बांधकाम आपले दबून बसलेले असते, नवे अजून बसायचे असते आणि दोघांमध्ये फट पडते. रुंद पाया आधीच घालून ठेवला की नंतर फक्त वर चढत जायचे. मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा धरणाचा छेद १८९२ साली याच विचाराने ठेवला होता. पुढे उंची वाढवता येईल एवढी रुंदी त्याला आधीपासून होती आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने वाढवलीही. मुंबई इलाख्यात चोवीस वर्षे पाण्याची कामे केलेल्या अभियंत्याला हे उदाहरण अनोळखी असणे कठीण.

सरकारी नोकर म्हणून मी मात्र या ठिकाणी थबकतो. मंजुरी ८० ची आणि पाया १३० चा! आज मी मंजूर नकाशापेक्षा पाया दीडपट रुंद घातला, तर लेखापरीक्षणवाले माझ्या निवृत्तीनंतरही पत्रे पाठवत राहतील. मद्रासने दाद मागितली. १९१४ साली लवादाचा निकाल म्हैसूरच्या बाजूने लागला, पण मद्रासने वर अपील केले आणि प्रकरण पुन्हा लोंबकळले. समजा दुसरा टप्पा कधीच मंजूर झाला नसता, तर ती सारी जास्तीची दगडरास जमिनीत निकामी पडून राहिली असती आणि हेच नाव उधळपट्टीसाठी घेतले गेले असते. जोखीम खरी होती. १९२४ साली दोन्ही सरकारांत करार झाला आणि धरण १२४ फूट पाणी साठवू शकेल एवढे उंच करायला मोकळीक मिळाली. पाया तयार होऊन वाट पाहत होता. १९३१ च्या सुमारास काम पुरे झाले. सिमेंट तेव्हा देशात फारसे होत नव्हते, म्हणून चुना आणि भाजलेल्या विटांची सुरखी वापरून ही सगळी भिंत उभी आहे. हेही लिहायला हवे की कण्णंबाडी गाव आणि आसपासची गावे त्या पाण्याखाली गेली. तिथल्या माणसांना दुसरीकडे चूल मांडावी लागली.

आपल्या घराखाली मात्र कोणी १११ फुटांचा पाया घालून ठेवलेला नसतो. दीड मजल्याच्या मंजुरीला दीड मजल्याचाच पाया असतो, बहुधा त्याहून थोडा कमीच. मग राहतो तिसरा मार्ग, उभ्या घराखालचा पाया बळकट करण्याचा. हे होते, आणि रेल्वेत आम्ही ते केलेले आहे. एका जुन्या स्टेशन इमारतीवर सिग्नलच्या यंत्रांसाठी वरची खोली हवी होती. खाली विटांचा पायऱ्या-पायऱ्यांचा जुना पाया, चुन्यातला. पहिल्यांदा आम्ही कोपऱ्यात आणि मधोमध असे खड्डे घेऊन पाया डोळ्यांनी पाहिला. किती खोल, किती रुंद, खाली माती कोणती, पाणी किती फुटांवर. नकाशात काय लिहिले आहे, याला इथे फार किंमत नसते. मातीची चाचणी केली. आपल्याकडे हिंडन आणि यमुनेने आणून टाकलेला गाळ आणि बारीक वाळू आहे, खडक हाताला लागत नाही. ही माती कोरडी असताना बरी वागते, ओली झाली की तिची धारणक्षमता उतरते.

मग भिंतीखालची लांबी सुमारे चार-चार फुटांच्या तुकड्यांत आखली आणि तुकड्यांना आकडे घातले. पहिल्या खेपेला एक, चार, सात असे लांबलांबचे तुकडेच उघडले. शेजारचे दोन तुकडे एकाच वेळी कधीही उघडायचे नाहीत. जो तुकडा उघडला असतो तिथे भिंत क्षणभर हवेत असते आणि तिचे ओझे शेजाऱ्यांनी उचललेले असते. दातांच्या डॉक्टरांनी शेजारशेजारचे तीन दात एकदम उपटले तर जेवायचे कसे, असा हा हिशेब. खणलेल्या तुकड्यात जुन्या पायाच्या खाली, जास्त खोल आणि जास्त रुंद असे काँक्रीट घातले. ते आकसते, म्हणून जुन्या पायाखाली दोन-तीन इंचांची फट मुद्दाम ठेवली आणि काँक्रीट पक्के झाल्यावर ती फट कोरड्या, घट्ट मसाल्याने ठोकून ठोकून भरली. ही फट भरणे हाच कामाचा प्राण. ती नीट भरली नाही तर खाली नवा पाया असतो, वर जुना पाया असतो आणि ओझे मात्र खाली पोहोचतच नाही. त्यानंतर पुढचे तुकडे. या कामाला अंडरपिनिंग म्हणतात. भिंतीवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, त्या तडकतात का ते रोज सकाळी पाहायचो. खांबांवर उभ्या घराला हीच गोष्ट निराळ्या रीतीने करतात. फूटिंगभोवती खणून, जुने काँक्रीट टोचून, सळ्या रोवून ते मोठे करतात, खांबांनाही बाहेरून सळ्या-काँक्रीटचे आवरण देतात. जागा अगदीच अडचणीची असेल तर बारीक मायक्रोपाइल घालून ओझे खोलवर नेतात. हे सारे स्वस्त नाही. पुष्कळदा खर्चाचा आकडा ऐकल्यावर मजल्याचा विषय तिथेच संपतो, आणि तेही काही वाईट नाही.

ज्याला हा अतिरेकी सावधपणा वाटतो, त्याने वैशालीहून मेट्रोने दिल्लीला जाताना लक्ष्मीनगरला ललिता पार्क आठवावे. १५ नोव्हेंबर २०१० च्या संध्याकाळी तिथली पाच मजली इमारत कोसळली आणि सुमारे सत्तर माणसे गेली. बहुतेक बाहेरगावाहून पोटासाठी आलेले भाडेकरू. त्या वर्षी यमुनेला पूर होता, तळघरात पाणी साचून राहिले होते आणि वर मजले चढवलेले होते. वरून ओझे वाढत गेले आणि खालून मातीचा जोर कमी होत गेला. दोन्ही एकाच वेळी.

विश्वेश्वरय्या १९१२ ते १९१८ म्हैसूरचे दिवाण होते. बँक, विद्यापीठ, रेल्वे, कारखाने असा त्यांचा सपाटा होता. १९१८ साली मतभेद झाल्यावर त्यांनी पद सोडले. पण स्वस्थ बसणे त्यांना जमले नाही. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना त्यांनी सावरला. १९२२ साली नवी दिल्लीच्या बांधकामाविषयीच्या चौकशी समितीवर ते होते. आपण ज्या सचिवालयांत कागद घेऊन जातो, त्यांच्या उभारणीच्या हिशेबावर त्यांची नजर पडून गेलेली आहे. मुंबईच्या बॅकबे भरावाचा घोटाळा झाला, तेव्हा १९२६ च्या समितीतही ते होते. १९५१ साली त्यांनी आपल्या कामाच्या आठवणी पुस्तकरूपाने लिहिल्या. त्यात घरच्या गोष्टी जवळजवळ नाहीत, सगळी कामेच आहेत. १९५५ साली भारतरत्न मिळाले.

नव्वदी ओलांडल्यावरचे त्यांचे एक काम आमच्या खात्याचे आहे. बिहारमध्ये गंगेवर रेल्वे आणि रस्ता यांचा मिळून पूल बांधायचा होता आणि जागेवरून ओढाताण चालली होती. जागा ठरवण्याचे काम या वृद्ध माणसाकडे आले. त्यांनी मोकामाची जागा सुचवली आणि तिथेच राजेंद्र सेतू झाला. १९५९ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गंगेच्या त्या पात्रात आपल्या गाझियाबादसारखाच गाळ आहे, फक्त कितीतरी खोल. असल्या जागी पूल उभा राहतो की वाहून जातो, हे पाया कुठे घातला यावर ठरते. म्हणून पुलाचा नकाशा काढण्याआधी जागेचा निर्णय.

शेवटची गोष्ट पुन्हा खडकवासल्याची. १२ जुलै १९६१ च्या सकाळी वरचे पानशेत धरण फुटले. ते मातीचे, नुकतेच बांधत आणलेले होते. त्याचे सगळे पाणी खडकवासल्यावर येऊन आदळले. सांडवा आणि त्यावरची दारे पावसाच्या पुरासाठी होती, एका फुटलेल्या धरणासाठी नव्हती. पाणी भिंतीवरून वाहू लागले आणि दुपारी भिंतीचा एक भाग गेला. पुण्याच्या पेठा बुडाल्या, वाडे बसले. जुन्या पुणेकरांच्या घरी आजही पानशेतच्या आधीचे आणि पानशेतच्या नंतरचे अशी कालगणना ऐकू येते. खडकावरचा पाया आणि बाकीची भिंत जागेवर राहिली. पडलेला भाग पुन्हा बांधून काढला, नवी दारे बसवली आणि पुणे शहर आजही त्या तलावाचे पाणी पिते.

विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीला दोन महिने कमी होते आणि बंगळुरूत राहत होते. १९६२ च्या एप्रिलमध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे स्मारक मुद्देनहळ्ळीला, ज्या गावात जन्म झाला तिथेच आहे.